वीकेंडच्या गर्दीत सायकल : पुण्याच्या रस्त्यांवर नवीन उतरणाऱ्यांसाठी

नवीन सायकल घेतली की पहिले काही दिवस आपण सोसायटीच्या आसपास फिरतो, मग आठवडाभर ऑफिस असल्यामुळे पहिली लांबची राईड हमखास शनिवार-रविवारी ठरते, आणि ठरते ती पण खडकवासला नाहीतर सिंहगड पायथा नाहीतर चांदणी चौकातून भूगाव-पिरंगुटकडे. त्याच दिवशी तोच रस्ता अर्ध्या पुण्याने धरलेला असतो. पावसाळ्यात तर बोलायलाच नको, मुंबई-ठाण्याच्या गाड्या पण त्यात येऊन मिळतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत रस्त्यावर जे लोक असतात, म्हणजे रिक्षावाले, पीएमपीचे ड्रायव्हर, टेम्पोवाले, रोजचे ऑफिसवाले, ते घाईत असतात, कधीकधी उद्धट पण असतात, पण त्यांना तो रस्ता पाठ असतो आणि ते पुढे काय करणार याचा अंदाज थोड्या दिवसांत आपल्याला यायला लागतो. वीकेंडचा ड्रायव्हर वेगळा. तो मुद्दाम तुम्हाला त्रास द्यायला आलेला नसतो, त्याचं लक्ष रस्त्यावर नसतं एवढंच. मागच्या सीटवर पोरं भांडतायत, बायको मॅप बघून सांगतेय, मित्र गाणं बदलतोय, नाश्ता कुठे करायचा ते ठरत नाहीये. म्हणून आपलं काम दोन प्रकारचं : त्याचं लक्ष कुठे आहे ते लांबूनच ओळखायचं, आणि आपण त्याला उशिरा का होईना दिसू, आणि दिसलो की आपण कुठे जाणार हे त्याला कळेल, असं चालवायचं.

१. आधी वेळ ठरवा

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. शनिवार-रविवारी बाहेर जाणाऱ्या गाड्यांचा लोंढा साधारण सात-साडेसातनंतर वाढायला लागतो, नऊपर्यंत सिंहगड रोड आणि पौड रोड दोन्ही भरलेले असतात, आणि रविवारी संध्याकाळी चारनंतर तीच गर्दी दमलेली, वैतागलेली, उन्हातान्हात फिरून आलेली अशी परत येते. ही परतीची वेळ नवीन माणसाने पूर्ण टाळावी असं माझं स्पष्ट मत आहे. उजाडताना निघा, साडेआठ-नऊपर्यंत घरी या.

उजाडताना म्हणजे उजाडतानाच, पहाटे चार-साडेचारला नाही. मोठ्या ग्रुपमधले लोक अंधारात निघतात ते बघून नवीन लोक पण निघतात, पण शनिवार आणि रविवारची पहाट ही आदल्या रात्रीच्या पार्ट्या संपवून घरी जाणाऱ्यांची वेळ असते. कल्याणीनगरला भरधाव गाडीने बाईकवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं ते 19 मे 2024, रविवार, पहाटे अडीचच्या सुमाराला. कायद्यात 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असली तर गाडी चालवणं गुन्हा आहे, पण रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीपाशी पोलीस उभा असू शकत नाही. जूनमध्ये सहाच्या आसपास उजाडतं, जानेवारीत सात वाजतात, त्या हिशोबाने अलार्म लावा.

२. मग रस्ता

पहिले दोन-तीन महिने वीकेंडला शहराबाहेर जाऊच नका असं मी म्हणेन, कारण उलटं केलं तर जास्त मजा आहे. रविवारी सकाळी गाड्या बाहेर पळत असतात तेव्हा आपण आत फिरायचं. लक्ष्मी रोड, टिळक रोड, सगळ्या पेठा, लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड, विद्यापीठाच्या बाजूने पाषाण, हे रस्ते रविवारी सकाळी सातला इतके रिकामे असतात की दुपारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही यावर विश्वास बसत नाही. जंगली महाराज रोडने जाऊन फर्ग्युसन रोडने परत यायचं, दोन्ही वनवे आहेत, समोरून येणाऱ्याची भीती नाही (राँग साइडवाले सोडून, ते सगळीकडे आहेत). सिग्नलला थांबणं, हात दाखवणं, मागे वळून बघणं हे सगळं इथे शिकून होतं.

बाहेर जायचंच असेल तर काही जागा ओळखून ठेवा. बायपासवरचा कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सायकलसाठी नाही, तिथे ब्रेक फेल झालेल्या ट्रकचे अपघात किती होतात ते पुण्यात सगळ्यांना माहिती आहे. चांदणी चौकात 2023 मध्ये नवे पूल आणि रॅम्प सुरू झाल्यापासून गाड्या रॅम्पवरून वेगात खाली येऊन मिळतात आणि त्यांचं लक्ष उजवीकडून येणाऱ्या मोठ्या गाड्यांकडे असतं, तुम्ही डावीकडे त्यांच्या हिशोबातच नसता. अशा ठिकाणी थांबून, मान वळवून, जागा मिळाल्यावर पुढे जायचं, अगदी उतरून चालत ओलांडलं तरी कुणी हसत नाही. उड्डाणपुलांवर जाऊ नका, खालचा रस्ता घ्या, पुलाच्या चढावर आपला वेग दहा-बाराचा असतो आणि मागच्याचा साठचा. एक्स्प्रेसवेवर तर सायकलला बंदीच आहे.

३. सायकल आणि तुम्ही

यावर लोक फार वेळ घालवतात, मी थोडक्यात सांगतो. मागे लाल ब्लिंकर, पुढे पांढरा लाईट, आणि दोन्ही दिवसासुद्धा चालू ठेवायचे. झाडांच्या सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना ड्रायव्हरला आपण दिसत नाही, ब्लिंकर दिसतो. हँडलच्या उजव्या टोकाला छोटा आरसा लावा, लावाच, रेसिंगवाले मित्र काहीही म्हणोत. हेल्मेट डोक्यावर घट्ट, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच जागा. दोन्ही ब्रेक निघायच्या आधी दाबून बघा. कपडे भडक रंगाचे. इअरफोन नाही, एका कानात पण नाही, कारण मागून येणारी गाडी वेग कमी करतेय की वाढवतेय हे आधी कानाला कळतं.

खिशात एक कागद ठेवा : नाव, रक्तगट, घरच्यांचे दोन नंबर. मोबाईल लॉक असला तरी कागद वाचता येतो.

४. रस्त्यावर कुठे चालवायचं

नवीन माणूस भीतीने एकदम डाव्या कडेला चिकटून चालवतो आणि इथेच घोटाळा होतो. कडेला खडी, काचा, चेंबरची खाली गेलेली झाकणं, डांबर आणि साइडपट्टीच्या मधली ती वीतभर उंचीची पायरी. त्यात चाक गेलं की आपण डगमगतो, आणि डगमगतो ते नेमके गाडी शेजारून जाताना. शिवाय कडेला चिकटलेल्या सायकलवाल्याला बघून मागच्याला वाटतं की मावेल, आणि तो वेग कमी न करता कोपराला घासून जातो.

म्हणून कडेपासून साधारण एक मीटर आत, सरळ रेषेत. पार्क केलेल्या गाड्या असतील तर त्यांच्यापासून पण मीटर-सव्वा मीटर लांब, कारण गाडीचं दार उघडलं की तेवढी जागा खातं. दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधे मोकळी जागा दिसली की लोक आत शिरतात आणि पुढच्या गाडीपाशी परत बाहेर येतात, असं नागमोडी चालवू नका, मागच्याला तुम्ही एकदम उगवल्यासारखे वाटता. जिथे रस्ता इतका अरुंद आहे की गाडी आणि सायकल शेजारी शेजारी मावतच नाही, उदाहरणार्थ शिवणे-उत्तमनगरच्या बाजारातला रस्ता किंवा एखादा छोटा पूल, तिथे आधी मागे बघा, हात दाखवा आणि सरळ लेनच्या मधोमध या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याने तुम्हाला बघितलंय. जागा मिळाली की परत डावीकडे होऊन हाताने त्याला पुढे जा म्हणून सांगा, यात काही कमीपणा नाही.

५. गाडी वाचायला शिका

आता मुख्य भाग. इंडिकेटरवर विश्वास ठेवू नका, इंडिकेटर वीकेंडला एकतर लागतच नाही नाहीतर मागच्या वळणापासून चालू राहिलेला असतो. पुढचं चाक बघा. उभी गाडी निघणार असेल किंवा चालती गाडी वळणार असेल तर सगळ्यात आधी पुढचं चाक हलतं. आणि मागच्या काचेतून ड्रायव्हरचं डोकं बघा, ते खाली झुकलेलं असेल तर मोबाईल, डावीकडे वळलेलं असेल तर शेजारच्याशी गप्पा किंवा हॉटेलची पाटी शोधणं. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, तीन सेकंद मोबाईल बघितला की 50 मीटर अंतर न बघता कापलेलं असतं, आणि त्या 50 मीटरमध्ये तुम्ही असू शकता.

नंबरप्लेट पण बोलते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी, त्या माणसाला बहुतेक वेळा गाडीच्या लांबी-रुंदीचा अंदाज नसतो, विशेषतः डाव्या बाजूचा, आणि डाव्या बाजूला आपण असतो. हिरवी पाटी म्हणजे इलेक्ट्रिक, कमी वेगात तिचा आवाज जवळजवळ येतच नाही, म्हणून आरसा. बाहेरगावची पाटी असेल तर तो मॅपच्या आवाजावर चालतोय, डोनजे फाट्यासारख्या ठिकाणी अगदी शेवटच्या क्षणी वळतो. लाल एल असेल तर त्याला भरपूर जागा द्या, तो पण आपल्यासारखाच शिकतोय.

सनरूफमधून मूल बाहेर आलेलं दिसलं की समजा गाडीतल्या सगळ्यांचं लक्ष त्या मुलाकडे आहे. ती गाडी पुढे जाऊ द्या, तिच्या मागे अंतर ठेवून राहा, ओव्हरटेक करू नका.

एक गाडी गेली म्हणजे धोका गेला असं धरू नका. वीकेंडला मित्रांच्या, नातेवाइकांच्या गाड्या दोन-तीनच्या रांगेत जातात. पहिल्याने तुम्हाला बघून नीट ओव्हरटेक केलेलं असतं, दुसरा फक्त पहिल्याच्या मागे लागायचं म्हणून त्याच वळणावर, समोरून कोण येतंय ते न बघता, तशीच गाडी काढतो आणि समोरून कोणी आलं की डावीकडे दाबतो. बाईकच्या ग्रुपचं तर हेच, पहिली बाईक डावीकडून गेली तर पाचवी पण डावीकडूनच येईल. म्हणून एक वाहन पुढे गेलं की लगेच आरशात बघायची सवय लावा.

डावीकडे वळणारा हा पुण्यातल्या सायकलवाल्याचा नेहमीचा त्रास. गाडी तुम्हाला ओव्हरटेक करते आणि लगेच तुमच्यासमोरून डावीकडे पेट्रोल पंपात, मिसळीच्या हॉटेलात किंवा फार्महाऊसच्या गेटमध्ये वळते. सायकल हळू असते असं त्याने गृहीत धरलेलं असतं आणि तुम्ही पंचवीसने चाललेले असता. उपाय असा की डावीकडे हॉटेल, पंप किंवा गल्ली दिसली की पन्नास मीटर आधीपासून पेडल मारणं थांबवा, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवा आणि थोडे उजवीकडे सरकून रस्त्याच्या आत या, म्हणजे त्याला तुमच्या मागेच थांबावं लागतं.

दोनपदरी रस्त्यावर, म्हणजे पिरंगुटच्या पुढे किंवा पानशेत रोडला, समोरून ओव्हरटेक करत येणारा तुमच्या लेनमध्ये असतो. सायकल समोर आहे म्हणजे रस्ता रिकामा आहे असंच तो धरतो. इथे हक्क सांगत बसू नका. समोर गाड्यांची रांग दिसली की आधीच साइडपट्टी कशी आहे ते बघून ठेवा आणि वेळ आली की वेग कमी करून, हँडल सरळ ठेवून खाली उतरा.

खडकवासला चौपाटी

हिच्यावर वेगळं लिहायलाच पाहिजे. धरणाच्या कडेने कणसाच्या, भज्यांच्या, चहाच्या गाड्यांची रांग आहे आणि रविवारी तिथे रस्त्याची एक बाजू पार्किंग झालेली असते. समोरच्या गाडीतल्या कोणीतरी “इथे थांबव” म्हणतं आणि ड्रायव्हर जागच्या जागी ब्रेक मारतो. दार दोन्ही बाजूंनी उघडतं, आधी मूल उतरतं आणि पळतं पाण्याकडे, मग हातात भाजलेलं कणीस घेऊन लोक रस्ता ओलांडतात, एका हाताने लिंबू-मीठ चोळत. उभ्या गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकी हलताना दिसली, आतला दिवा लागला, किंवा ब्रेकचे लाल दिवे नुकतेच विझले, तर दार उघडणार आहे असं समजाच. हा पट्टा चालण्याच्या वेगापेक्षा थोडा जास्त, एवढाच वेग ठेवून पार करायचा, घंटी वाजवत. थांबायचं असेल तर गर्दी संपल्यावर पुढे थांबा. सायकल रस्त्याच्या कडेला आडवी ठेवून फोटो काढणारे बघतो तेव्हा मला खरंच काळजी वाटते, गाडी मागे घेणाऱ्याला खाली पडलेली सायकल दिसत नाही, तिच्याशेजारी बसलेला माणूस पण दिसत नाही.

६. हात, मान, नजर

वळायच्या आधी क्रम असा : आरसा, मग मान वळवून बघणं, मग हात, मग परत एकदा मान, आणि मगच सरकणं. उजवीकडे जायचं तर उजवा हात खांद्याच्या रेषेत पूर्ण लांब, अर्धवट कोपरातून नाही. थांबायचं किंवा हळू व्हायचं तर तळवा खाली करून हात वर-खाली. एका हाताने सायकल सरळ चालवता येत नसेल तर आधी मैदानात सराव करा, तोपर्यंत चौकात डावीकडे थांबून, उतरून, पादचाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडा.

मान वळवण्याचा एक फायदा लोकांना माहिती नसतो. तुम्ही मागे वळून ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघितलं की बरेचदा तो स्वतःच वेग कमी करतो, पुढे माणूस आहे हे त्याला तेव्हा जाणवतं. गडद काचेमुळे चेहरा दिसत नसेल तर त्याने बघितलं नाही असंच धरा. जाऊ दिलं की हात वर करून थँक्यू करा.

७. पाऊस

जून ते सप्टेंबर वीकेंडची गर्दी सगळ्यात जास्त आणि आपले ब्रेक सगळ्यात कमी, दोन्ही एकदम. पहिल्या एक-दोन पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं, तेव्हा सायकल बाहेरच काढू नका. पाणी साचलेल्या खड्ड्यात चाक घालू नका, खोली कळत नाही. रिमचे ब्रेक (चाकाच्या कडीला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे) असतील तर उताराच्या आधीच हलके दाबून पाणी पुसून घ्या. गाडीवाल्याच्या काचा आतून धुकट झालेल्या असतात आणि आरशावर थेंब असतात, म्हणजे मागचं त्याला काही दिसत नाही, तेव्हा कुठल्याही गाडीच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात रेंगाळू नका. सिंहगड घाटाचा उतार पावसाळी रविवारी नवीन माणसाने करू नये, वर गाड्या अडकलेल्या असतात आणि वैतागलेले ड्रायव्हर वळणावर रिव्हर्स घेतात.

८. कट मारून गेला तर

राग येणारच, अंग थरथरतं, घशाला कोरड पडते. ओरडू नका, त्याच्या मागे लागू नका, सिग्नलला गाठून काचेवर हात मारू नका. तो लोखंडाच्या डब्यात आहे, तुम्ही उघडे आहात, आणि गाडीत चार जण असतील तर त्यांच्यासमोर त्याचा अहंकार दुखावतो. बाजूला थांबा, पाणी प्या, पाय टेकून दोन मिनिटं श्वास नीट होऊ द्या. रागात चालवलेले पुढचे दोन किलोमीटर फार वाईट असतात. नंबर लक्षात राहिला असेल तर मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा, नंतर ट्रॅफिक पोलिसांकडे तक्रार करता येते. धोकादायक गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली गुन्हा आहे, आणि कॅमेरा लावलेला असेल तर तक्रारीला वजन येतं.

९. धडक बसली तर

पडल्यावर लगेच उठू नका. आधी मान, हात, पाय हलतात का बघा, मग रस्त्याच्या बाजूला व्हा. “काही नाही झालं” असं म्हणून गाडीवाल्याला सोडून देऊ नका, डोक्याचा मार कधीकधी काही तासांनी जाणवतो. नंबरप्लेटचा फोटो, गाडी आणि सायकल जशी पडली तसा फोटो, तिथल्या एखाद्या टपरीवाल्याचा नंबर. ॲम्ब्युलन्सला 108, पोलिसांना 112. जखमीला दवाखान्यात पोचवायची मदत करणं ही गाडीवाल्याची कायद्याने जबाबदारी आहे, कलम 134. मदत करणारा लोकांमधला कोणी “नंतर लफडं नको” म्हणून मागे सरत असेल तर त्याला सांगा की 2019 च्या दुरुस्तीपासून मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही.

दवाखान्यात रस्ता अपघात आहे असं स्पष्ट सांगा, म्हणजे तशी नोंद होते. 2025 पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यात बसतो, सायकलवाला पण त्यात येतो, फक्त अपघातात मोटार वाहन असलं पाहिजे. गाडीचा नंबर मिळाला असेल तर तिच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. पळून गेला आणि सापडलाच नाही तर हिट अँड रनच्या योजनेत गंभीर जखमीला 50,000 आणि मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख मिळतात, पण त्यासाठी पोलिसांत नोंद हवीच. म्हणून कितीही कंटाळा आला, समोरचा हजार-दोन हजार देऊन मिटवू म्हणाला तरी आधी नोंद करा.

हेल्मेटवर मार बसला असेल तर ते वरून चांगलं दिसत असलं तरी परत वापरू नका, आतला थर दबलेला असतो. सायकल दुकानात नेऊन फोर्क, हँडल आणि दोन्ही चाकं तपासून घ्या, कार्बनची फ्रेम असेल तर नक्कीच. आणि परत सुरू करताना थेट रविवारी सिंहगड रोडवर जाऊ नका, मंगळवार-बुधवार सकाळी घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर चालवा, जमलं तर कोणालातरी बरोबर घ्या, त्याला मागे ठेवा आणि तुम्ही पुढे.